बरे झालेल्यांचे हृदय



‘बरा झाला’ हे दोन शब्द आपण फार सहज उच्चारतो. तापाने निजलेला मुलगा चार दिवसांनी अंगणात खेळू लागला, मोडलेला हात प्लॅस्टरमधून बाहेर आला, की तो बरा झाला. पुढे त्या तापाची किंवा त्या हाताची कोणी विचारपूस करीत नाही. कर्करोगाच्या बाबतीत वैद्यांनी हे शब्द पुष्कळ काळ जपूनच वापरले. उपचारानंतर रोगी पाच वर्षे जिवंत राहिला, एवढेच ते नोंदवीत. पण या पाच वर्षांच्या हिशेबाला हळूहळू एक वेगळाच अर्थ चिकटला. पाच वर्षांची वेस ओलांडली की रोग्याचे नाव यशस्वी म्हणून गणलेल्यांत जाई, आणि त्याची फाइल कपाटात जाई. आज मला जो इतिहास सांगायचा आहे तो अशा कपाटात गेलेल्या फायलींचा आहे. त्यांतल्या माणसांची हृदये दहा, पंधरा, वीस वर्षांनी का थकू लागली, हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले, आणि जिवंत माणसाच्या छातीतले हृदय पाहण्याची विद्या त्याआधी कुठून कशी येऊन पोहोचली होती, याची ही हकीकत आहे.

हृदय आणि कर्करोग यांचा संबंध नाही, अशी समजूत फार जुनी आहे. फुप्फुसाला गाठ होते, जठराला होते, हाडाला होते. हृदयाला झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. ही समजूत अगदीच निराधार नव्हे. पादुआला शवविच्छेदन शिकविणाऱ्या रेआल्दो कोलोम्बो याने हृदयातल्या गाठीचे वर्णन केले, ते त्याच्या १५५९ साली छापलेल्या ग्रंथात आले. पण त्यानंतर पावणेचारशे वर्षे अशी गाठ सापडे ती मृताच्याच छातीत. हृदयातच उगम पावलेली गाठ दहा हजार शवविच्छेदनांत दोन-तीनदा आढळली तर आढळे. तिच्यातही चारांपैकी तीन साध्या, न पसरणाऱ्या. शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तावाटे किंवा शेजारच्या फुप्फुसातून हृदयापर्यंत पोहोचलेला कर्करोग याच्या कितीतरी पट अधिक. पण तोही रोगी गेल्यावर कळे. जिवंतपणी हृदयाच्या मूळ कर्करोगाचे निदान झाले ते १९३४ साली, आणि तेही आडवाटेने: हृदयाचा विद्युत्-आलेख आणि अंगावर दूर पसरलेल्या एका गाठीचा काढलेला तुकडा, या दोहोंचा मेळ घालून.

हृदय कर्करोगापासून इतके अलिप्त का राहते? याचे जे कारण सर्वांत पटण्याजोगे आहे, ते आजच्या विषयाची किल्ली आहे म्हणून थोडे थांबून सांगतो. कर्करोग म्हणजे पेशींची बेबंद वाढ. जिथे पेशी सतत विभागतात, जसे कातडी, आतडे, रक्त तयार करणारी मज्जा, तिथे विभागणीत चूक होण्याचा संभव मोठा. हृदयाच्या स्नायूतील पेशी मात्र बाळपणानंतर जवळजवळ विभागतच नाहीत. हे निव्वळ अनुमान नाही. १९५० आणि १९६० नंतरच्या वर्षांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बचे जे स्फोट केले, त्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला; अन्नावाटे तो त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या पेशींत शिरला, आणि पेशी कोणत्या सालची आहे याचा जणू शिक्का तिच्यावर बसला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये हे शिक्के वाचले. पंचविशीतल्या माणसाच्या हृदयस्नायूतील पेशी वर्षाला शंभरात एक या गतीने नव्या होतात. पंचाहत्तरीला हा वेग निम्म्यावर येतो. ज्या हृदयासह माणूस वाढला, त्यातल्या निम्म्याहून अधिक पेशी मरेपर्यंत त्याच राहतात.

आता याची दुसरी बाजू पाहा. ज्या कारणाने हृदयाला कर्करोग क्वचित होतो, त्याच कारणाने हृदयाची झालेली हानी भरून निघत नाही. औषधाने डोक्यावरचे केस गेले तर परत येतात, आतड्याचे अस्तर सोलवटले तर आठवड्यात नवे येते. हृदयाच्या पेशी गेल्या की गेल्या. राहिलेल्या पेशी अधिक काम करतात, आणि बिचारे हृदय कित्येक वर्षे तक्रार करीत नाही. हे मौनच पुढे घातक ठरले.

हे मौन फोडण्याची साधने कर्करोगवाल्यांनी निर्माण केली नाहीत. लायडनच्या विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज टिपणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की ते रोग्याकडे नेणे अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर तार टाकली आणि रोगी तिकडे, यंत्र इकडे, असा आलेख काढला. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण आलेख हृदयाची लय सांगतो. त्याच्या आत काय आहे, झडप कशी हलते, पंपात जोर किती, हे त्याला नीटसे सांगता येत नाही.

ते सांगणारी विद्या आली समुद्रावरून. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी ऐकण्याची युक्ती निघाली. पुढे तीच युक्ती जहाजांच्या कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधण्यासाठी वापरात आली. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर नावाचे एक हृदयवैद्य होते. संधिवाताच्या तापाने आखडलेली झडप शस्त्राने मोकळी करण्याचे दिवस नुकतेच सुरू झाले होते, आणि झडप आखडली आहे की गळते आहे हे छाती उघडण्यापूर्वी नक्की कळावे, एवढीच त्यांची गरज होती. त्यांची गाठ पडली हेल्मुथ हर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्याशी. नोबेल मिळविणाऱ्या गुस्ताव हर्ट्झ यांचा हा मुलगा. शेजारच्या माल्मो शहरातल्या जहाजाच्या कारखान्यात भेगा शोधण्याचे यंत्र होते. हर्ट्झ यांनी ते शनिवार-रविवारपुरते उसने मागून आणले आणि स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. हृदयाच्या ठोक्यासरशी पडद्यावरचा एक ठिपका पुढे-मागे हलू लागला. नंतर वडिलांच्या सीमेन्स कंपनीतील जुन्या ओळखीमुळे त्यांना अधिक चांगले यंत्र उसने मिळाले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम कागदावर उमटले.

गंमत अशी की, पडद्यावर जे दिसे ते नक्की कशाचे, हे आरंभी खुद्द एडलर यांनाही उमगले नव्हते. जो स्पष्ट प्रतिध्वनी येई तो वरच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीचा, असे त्यांनी मानले. तो झडपेच्या पाकळीचा आहे हे पुढे मृतांच्या शरीरावर पडताळून पाहिले तेव्हा ठरले. आज आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत ‘टूडी इको’ म्हणून जी तपासणी होते, तिचे मूळ हे. पोलादातली भेग शोधणाऱ्या यंत्राने माणसाच्या हृदयातला दोष शोधावा, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, की बाहेरून अखंड दिसणाऱ्या वस्तूच्या आत काय चालले आहे?

याच यंत्राने हृदयातली गाठ जिवंतपणी दाखविली. डाव्या वरच्या कप्प्यात होणारी एक गाठ असते, मिक्सोमा. लिबलिबीत, ताडगोळ्यासारखी, आणि पुष्कळदा देठाने लोंबणारी. हृदय आकुंचले-प्रसरले की ती झडपेच्या तोंडाशी झुलते आणि वाट अडविते. रोग्याला दम लागतो, चक्कर येते. स्टेथोस्कोपने ऐकावे तर आवाज आखडलेल्या झडपेचाच. कूस बदलली की आवाज बदलतो, एवढीच काय ती खूण. अशा कित्येकांना संधिवाती झडपेचे रोगी समजूनच वागविले गेले असणार. १९५४ च्या जुलैत स्टॉकहोमला क्लारेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका चाळीस वर्षांच्या बाईच्या हृदयातून अशी गाठ काढली आणि ती बाई जगली. या यंत्राने केलेली यशस्वी शस्त्रक्रिया जगात त्याआधी एकच झाली होती. पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, जर्मनीत स्वेन एफर्ट यांनी ध्वनिलहरींनी कप्प्यातली गाठ दाखवून दिली. छाती न उघडता, सुई न टोचता हृदयातली गाठ दिसली. कोलोम्बोच्या ग्रंथाला त्या साली बरोबर चारशे वर्षे पुरी होत होती.

हृदय पाहणाऱ्यांची हकीकत एवढ्यावर थोडी बाजूला ठेवू आणि कर्करोगावर औषध शोधणाऱ्यांकडे वळू. ही दोन माणसांची जात त्या काळी एकमेकांशी फारशी बोलत नव्हती. त्यांना बोलणे भाग पाडले ते एका लाल औषधाने.

कर्करोग हा शस्त्राचा आणि किरणांचा विषय, तोंडाने किंवा शिरेतून द्यायच्या औषधाचे तेथे काम नाही, असे दुसऱ्या महायुद्धापर्यंत मानले जाई. दोन घटनांनी ते बदलले. पहिली विषारी वायूची. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीच्या टाचेवरच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. बुडालेल्या जहाजांत ‘जॉन हार्वे’ नावाचे एक अमेरिकी जहाज होते, आणि त्यात गुप्तपणे आणलेले मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते. सहाशेवर खलाशी आणि सैनिक त्या विषाने पोळले. तपासाला गेलेल्या अमेरिकी लष्करी डॉक्टरला आढळले की या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होत आहेत. बारीवरूनच केमोथेरपीचा जन्म झाला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले वाचायला मिळते. ते तितकेसे खरे नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड एका रोग्याला १९४२ मध्येच टोचून झाले होते. बारीने त्या गोष्टीला भयानक दुजोरा दिला, इतकेच.

दुसरी घटना बोस्टनमधली, आणि तिच्यात आपल्या देशाचा एक माणूस आहे. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे शवविच्छेदन पाहणारे डॉक्टर. रक्ताचा कर्करोग झालेली मुले त्यांच्याकडे मृत्यूनंतरच येत. फोलिक आम्ल दिले की हा रोग उलट भडकतो असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्याच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ का देऊ नये? तो पदार्थ, अमिनोप्टेरिन, ज्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आला, तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केले की सोळांपैकी दहा मुलांचा रोग काही काळ हटला. काही काळच, रोग उलटला आणि मुले गेली. पण जे कधीच हटत नव्हते ते हटले होते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या नावाची कदर त्यांच्या हयातीत झाली नाही, आणि नंतरही आपल्याकडे ती जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली असे मला वाटत नाही.

आता पुन्हा इटलीच्या त्याच टाचेवर जाऊ. बारीपासून फार दूर नसलेल्या टेकडीवर कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे. मिलानच्या फार्मइटालिया कंपनीचे लोक १९५० नंतरच्या दशकात देशोदेशीची माती तपासत होते, कारण पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या धड्याने सर्वांना शिकविले होते की मातीतले सूक्ष्म जीव औषधे तयार करतात. त्या किल्ल्याजवळच्या मातीत एक जंतू सापडला. तो माणकासारखा लाल रंग तयार करी, आणि तो रंग उंदरांतल्या गाठी मारी. त्या भागातल्या दौनी नावाच्या प्राचीन जमातीवरून आणि माणकाच्या फ्रेंच नावावरून औषधाला डॉनोरुबिसिन म्हणू लागले. खुद्द जंतूच्या नावात पेउचेती या शेजारच्या दुसऱ्या जमातीचे नाव आहे. १९६९ मध्ये त्याच जंतूच्या बदललेल्या वाणापासून त्याचे भावंड निघाले. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव एड्रियामायसिन. आजचे डॉक्सोरुबिसिन ते हेच. रक्ताचा कर्करोग, स्तनाचा, हाडाचा, लसिकाग्रंथींचा, अशा कितीतरी रोगांवर ते चालले. ज्यांच्या घरात केमोथेरपी झाली असेल त्यांना ती लाल सुई आणि नंतरची लालसर लघवी आठवत असेल.

हे औषध गाठीच्या पेशींचे नुकसान करते, आणि हृदयाच्या पेशींचेही. १९६७ पासूनच डॉनोरुबिसिन घेतलेल्या काही मुलांची हृदये बंद पडल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९७३ पर्यंत डॉक्सोरुबिसिनविषयीही शंका उरली नाही. हानी एका मात्रेने ठरत नव्हती. आयुष्यात एकंदर किती औषध पोटात गेले त्यावर ती ठरत होती. १९७९ मध्ये सुमारे चार हजार रोग्यांच्या कागदांचा झाडा घेऊन जे अनुपात काढले गेले ते असे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम औषध गेलेल्यांत शेकडा ३ जणांचे हृदय निकामी होते, ५५० वर ७ जणांचे, ७०० वर १८ जणांचे. म्हणून ५५० ही लक्ष्मणरेषा ठरली. साधारण बांध्याच्या माणसाच्या हिशेबाने हे सारे औषध एका ग्रॅमलाही भरत नाही. पुढे २००३ मध्ये अधिक काटेकोर पाहणीतून हेच आकडे ५, २६ आणि ४८ असे निघाले, तेव्हा रेषा किती सैल आखली गेली होती ते कळले.

पण हे सगळे हिशेब उपचार चालू असतानाचे किंवा संपल्यावर लगेचचे होते. रेषेच्या अलीकडे राहिलेला रोगी सुखरूप, असेच सर्व धरून चालले. आणि येथे मुले मोठी झाली.

१९७० नंतर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे चित्र पालटले होते. फार्बर यांच्या काळी जी मुले महिन्यांत जात, ती आता शाळेत जाऊ लागली, कॉलेजात गेली, संसाराला लागली. १९९१ मध्ये त्याच बोस्टनमधून एक निबंध प्रसिद्ध झाला. डॉक्सोरुबिसिन घेऊन बऱ्या झालेल्या ११५ मुलांची हृदये उपचारानंतर एक ते पंधरा वर्षांनी ध्वनिलहरींनी तपासली गेली, आणि शंभरात ५७ जणांच्या हृदयात काही ना काही दोष निघाला. कारण वाचून मन विषण्ण होते. मूल वाढते, त्याची छाती रुंदावते, उंची दुप्पट होते. हृदयाने त्याबरोबर वाढायचे तर उरलेल्या पेशींनीच फुगायचे असते, आणि पेशी तर आधीच उणावलेल्या. भिंत पातळ राहते, भार वाढत जातो. औषध घेताना मूल जितके लहान तितका धोका मोठा. मुलींना मुलांहून अधिक. पाच वर्षांच्या वयात ‘बरी’ ठरलेली मुलगी पंचविशीत गरोदर राहते, शरीरातले रक्त वाढते, आणि ते हृदय तेव्हा प्रथम बोलते.

१९९४ पासून अमेरिकेत चाललेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २००६ मध्ये आले. १९७० ते १९८६ या काळात रोग झालेल्या आणि वाचलेल्या दहा हजारांवर माणसांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींशी केली होती. घर तेच, रक्त तेच, खाणेपिणे पुष्कळसे तेच. हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाचलेल्यांत पंधरा पट निघाले.

किरणोपचाराची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा साचा हाच आहे. हॉजकिन्सच्या रोगात छातीवर किरण देऊन तरुण माणसे बरी होऊ लागली, आणि हृदय हा कणखर स्नायू, त्याला किरणांचे काय, असे मानले जाई. १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनीच हृदयावरच्या वेष्टनाच्या आणि स्नायूच्या किरणजन्य रोगाचे वर्णन केले. स्तनाच्या कर्करोगाविषयी २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २१६८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली: हृदयाला पोहोचलेल्या किरणांच्या दर एककामागे, म्हणजे दर ग्रेमागे, हृदयविकाराचा धोका शेकडा ७.४ ने वाढतो. ज्याखाली धोका नाही अशी पातळी सापडली नाही. आणि हा धोका वीस वर्षांनंतरही चालूच राहतो. डाव्या बाजूच्या रोगात हृदय किरणांच्या वाटेत अधिक येते हे ओघानेच आले. म्हणून आज अशा स्त्रियांना दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरायला सांगतात. फुप्फुस फुगते, हृदय आत सरकते, तेवढ्यात किरण देऊन होतात. योगाभ्यासातला कुंभक कर्करोगाच्या किरणगृहात असा उपयोगी पडेल, हे कोणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

हृदयावर पाळत ठेवण्याचे मार्गही या पन्नास वर्षांत बदलले. १९७८ च्या सुमारास स्टॅनफर्डला मानेच्या शिरेतून बारीक चिमटा थेट हृदयात नेऊन स्नायूचा कण काढीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली हानी मोजीत. त्या मानाने नंतरचे सारे मार्ग सौम्य म्हटले पाहिजेत. मग किरणोत्सारी द्रव्य टोचून पंपाचा जोर मोजू लागले. शेवटी लुंडची ध्वनिलहरीची विद्याच सर्वांना सोयीची ठरली, कारण तिने रोग्याला इजा नाही आणि ती कितीही वेळा करता येते. पण पंपाचा जोर घटलेला दिसेपर्यंत पुष्कळ पेशी जाऊन चुकलेल्या असतात. त्यामुळे अलीकडे भिंतीचा लहानसा भाग ठोक्यागणिक किती लांब-आखूड होतो ते मोजतात, आणि दुखावलेला स्नायू रक्तात जे द्रव्य सोडतो त्याचीही तपासणी करतात.

लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. गेलेल्या पेशी परत येणार नाहीत हे तर मीच सांगितले. त्याचे उत्तर मिलानहून, म्हणजे ज्या शहरात ते लाल औषध तयार झाले तिथूनच आले. तेथील युरोपीय कर्करोग संस्थेने २०१० मध्ये अशा २०१ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. केमोथेरपी संपल्यावर दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधे सुरू झालेल्यांपैकी शंभरात ६४ जणांचे हृदय पूर्ववत काम करू लागले. सहा महिन्यांनंतर ज्यांना औषध मिळाले, त्यांतला एकही पूर्णपणे सावरला नाही. पेशी परतल्या नव्हत्या. उरलेल्यांवरचा भार हलका झाला होता, इतकेच. औषधे तीच, जी रक्तदाबाच्या रोग्याला मिळतात. फरक फक्त महिन्यांचा.

या पाळतीत कधी कधी जुना पाहुणा पुन्हा समोर येतो. बऱ्या झालेल्या माणसाची इको चालू असते, आणि कप्प्यात एक सावली हलताना दिसते. रोग परत आला आणि हृदयात शिरला? फुप्फुसाचा, स्तनाचा, त्वचेतल्या काळ्या गाठीचा, लसिकाग्रंथींचा कर्करोग तिथवर पोहोचू शकतो. की ही मिक्सोमासारखी साधी गाठ आहे? की ती गाठच नाही? केमोथेरपीसाठी छातीतल्या मोठ्या शिरेत जी नळी महिनोन् महिने ठेवलेली असते, तिचे टोक हृदयाच्या तोंडाशी असते आणि तेथे रक्त गोठून गुठळी होते. पडद्यावर ती हुबेहूब अर्बुदासारखी दिसते. एकीला रक्त पातळ करण्याचे औषध, दुसरीला शस्त्रक्रिया, तिसरीला पुन्हा कर्करोगाचा उपचार. येथे एमआरआय मदतीला येतो: शिरेतून दिलेले द्रव्य जिवंत गाठीत शिरते, कारण तिला रक्ताचा पुरवठा असतो, साध्या गुठळीत ते शिरत नाही. या दोन निदानांच्या मधल्या दिवसांत त्या माणसाच्या घरावर काय गुदरते, ते कुठल्या निबंधात सापडणार नाही. पण एक सांगण्यासारखे आहे, की जुनी इको जवळ असेल तर हा प्रश्न पुष्कळदा निम्मा सुटतो. गेल्या वर्षी ती सावली होती की नव्हती, हे त्यात दिसते.

आपल्या मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. त्या दुःखाशी या रुग्णालयाची कल्पना जोडलेली आहे. तेथे १९९१ पासून, म्हणजे बोस्टनचा तो निबंध आला त्याच वर्षापासून, उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. रोग नाही, तरीही यायचे, असा तो विभाग. चाळीस वर्षांपूर्वी हे कोणाला विचित्र वाटले असते. आज आंतरराष्ट्रीय शिफारसी सांगतात की लाल औषध दर चौरस मीटरला एकूण २५० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले असेल तर त्या मुलाच्या हृदयाची तपासणी जन्मभर, ठराविक वर्षांच्या अंतराने व्हावी. ५५० ची रेषा निम्म्याहून खाली आली आहे.

पण रेषा कळायची तर आकडा हाती पाहिजे, आणि अडचण येते ती इथे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सातारा, नांदेड किंवा जळगावकडून मुंबईला नेऊन बरे करून आणलेला मुलगा आज गृहस्थ झालेला असतो. त्याला ‘लहानपणी रक्ताचा आजार होता’ एवढे आठवते. कधी तेही घरच्यांनी लग्नाच्या वेळी झाकून ठेवलेले असते. जिना चढताना दम लागला म्हणून तो गावातल्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर वय पाहतात, तंबाखूची चौकशी करतात, दम्याचे औषध देतात. त्याच्या आईच्या ट्रंकेत, रेशनकार्डाशेजारी, पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा असतो, आणि त्यात कुठेतरी औषधाचे नाव, तारखा आणि मिलिग्रॅमचे आकडे असतात. ते कागद ट्रंकेतून काढून त्यांची बेरीज करायला एखाद्या डॉक्टरला अर्धा तास पुरतो.